दुपारी चार ते रात्री नऊ

मुलांचं खाणं, खेळणं आणि मोबाइल या विषयावर पत्रं पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांचा प्रश्न एका ओळीचा: जेवत नाही. फार खातो. मोबाइल सोडत नाही. कर्वेनगरच्या माझ्या दवाखान्यात आईवडील असं म्हणाले तर मी त्यांना दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत मूल काय काय करतं ते सांगायला लावते. या वेळी पत्रलेखकांनाही तेच विचारलं आणि त्यांनी मनापासून लिहून पाठवलं. जेवण, खेळ आणि स्क्रीन या तीन वेगळ्या तक्रारी आहेत असं मला वाटत नाही. त्या याच पाच तासांत एकमेकींत अडकतात, आणि एक सोडवायची तर तिन्हींकडे एकदम बघावं लागतं. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी वारज्याहून लिहिते आहे. नातू अडीच वर्षांचा. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला कामाला, घरी यायला आठ वाजतात. दिवसभर तो माझ्याजवळ. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. वाटीभर वरणभात भरवायला तास-सव्वा तास लागतो, तोही मागे मागे फिरून. वजन १२ किलो. सून म्हणते, "आई, मोबाइल नका लावू." पण नाही लावला तर तो उपाशी राहतो आणि ते मला बघवत नाही.

उत्तर : आजी, आधी वजनाचं बोलू, कारण तुमच्या काळजीचं मूळ तिथे आहे. जन्मतः तो तीन किलोचा होता, असं तुम्ही कळवलंत. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे नऊ किलो. मग हा वेग एकदम उतरतो. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलो आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला दोन किलोच्या आसपास, एवढंच वाढतं. अडीचाव्या वर्षी १२ किलो हे वजन चांगलं आहे. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. दहाव्या महिन्यात वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारं बाळ दोन वर्षांचं झाल्यावर चार घासांत मान फिरवतं, घरातले घाबरतात, आणि त्या घबराटीतून मोबाइल ताटाशेजारी येतो.

आता तुम्ही लिहून पाठवलेली संध्याकाळ बघा. चारला बाटलीभर दूध. पाचला टीव्हीसमोर बिस्किटं. सहाला केळं. सातला रडतो म्हणून पुन्हा थोडं दूध. आणि आठला जेवण. आजी, आठ वाजता त्याला भूक लागायला मध्ये जागाच राहिलेली नाही. तो खाली खेळायला जातो असं या सगळ्यात कुठेही आलेलं नाही, आणि ते मला जेवणापेक्षाही जास्त खटकलं.

स्क्रीन समोर असताना मूल घास गिळतं, पण जेवत नाही. चव, वास, पोट भरल्याची जाणीव, यांतलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. दोन-तीन वर्षांचं मूल आपल्या तोंडाकडे बघून चावायला शिकतं, आपण "ही भोपळ्याची भाजी" म्हणालो की शब्द शिकतं. तो सगळा वेळ गाण्यांत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको, दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर आणखी बरं. त्याच सूचनांमध्ये या वयाच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास हालचाल करावी, असंही आहे. तीन तास ऐकून दचकू नका. धावणं, चढणं, उड्या, बागेतली माती उकरणं, घरात तुमच्या मागे झाडू घेऊन फिरणं, सगळं धरायचं.

असं करून बघा. दिवसभराचं दूध दोन कपांवर आणा, आणि बाटली पूर्ण बंद करून पेल्यातून द्या. चारला काहीतरी खरं खायला द्या, मऊ थालीपीठ-लोणी, नाचणीची खीर, मुगाचं धिरडं. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. साडेपाचला त्याला खाली न्या. तुमचे गुडघे दुखतात असं लिहिलंत, तर तुम्ही बाकावर बसा, पळायचं काम तो करेल. साडेसातला जमिनीवर दोन ताटं मांडा, एक त्याचं आणि एक तुमचं. भरवू नका. त्याला हातानं खाऊ दे, सांडू दे. २०-२५ मिनिटांनी ताट उचला, पोटात काही गेलेलं असो वा नसो, आणि ते न रागावता उचला. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे तुम्ही ठरवायचं. किती खायचं हे त्याला ठरवू द्यायचं.

पहिले चार-पाच दिवस कठीण जातील. तो रडेल, ताट ढकलेल, एखादं जेवण जवळजवळ सोडेल. चांगलं वाढणारं, नीट पाणी पिणारं मूल एक-दोन वेळा कमी जेवलं तर त्याला काही होत नाही, यावर विश्वास ठेवा. नवी भाजी पहिल्यांदा थुंकेल. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मगच काही मुलं ती तोंडात ठेवतात, म्हणून दोन वेळा नाकारली की "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारू नका. सूनबाईंना आणि मुलालाही हे वाचून दाखवा. आठला घरी आल्यावर त्यांचे फोन दुसऱ्या खोलीत राहिले नाहीत, तर तुमच्या दिवसभराच्या मेहनतीवर पाणी पडेल.

एक मात्र पाहा. तीन-चार महिन्यांत वजन अजिबात वाढलं नाही, घास अडकून ठसका लागतो, पातळ सोडून काही गिळतच नाही, किंवा हाक मारल्यावर बघत नाही आणि दोन शब्द जोडून बोलत नाही, तर त्याला डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. उंची १४० सेंमी, वजन ४६ किलो. सगळे म्हणतात, खात्यापित्या घरचा आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. त्याची मान मागून काळी पडली आहे. डाळीचं पीठ, साय, लिंबू, सगळं लावून झालं, घासूनही जात नाही. कोणतं क्रीम लावू? (सिंहगड रोड)

उत्तर : ताई, घासणं आजच थांबवा. तो मळ नाही. मानेवर आणि काखेत अशी काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी होते, तिला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि त्याची ही खूण त्वचेवर उमटते. क्रीमनं ती जाणार नाही. त्याच्या बालरोगतज्ज्ञांकडून रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यकृताची आणि चरबीची तपासणी करून घ्या. घरी टेपनं पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असायला हवा, म्हणजे त्याच्या बाबतीत ७० सेंमीच्या आत.

"खात्यापित्या घरचा" हे आपल्याकडे कौतुकानं म्हणतात, पण आपल्या मुलांच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, आणि हे आपल्याच पुण्यातल्या कामातून जगाला कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांमधल्या नवजात बाळांची मापं घेतली. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरीच लहान. पण त्यांच्यात स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, आत चरबी जास्त. असं शरीर घेऊन जन्मलेल्या मुलाला वजनाचा भार लवकर बाधतो. म्हणूनच भारतीय मुलांच्या २०१५ च्या वाढतक्त्यांमध्ये जास्त वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली धरली आहे. तुमचा मुलगा त्या रेषेच्या बराच वर आहे.

आता त्याचे चार ते नऊ. शाळेतून अडीचला येतो, डबा अर्धा परत. भूक लागलेली असते, घरात कुणी नाही, म्हणून इन्स्टंट नूडल्स किंवा कोपऱ्यावरचा वडापाव आणि आंब्याच्या पेयाचा खोका. चार ते सहा क्लास. सहा ते नऊ गेम. साडेनऊला टीव्हीसमोर जेवण. झोप साडेअकराला, उठायचं सहाला.

सगळ्यात आधी मला त्याची झोप दुरुस्त करायची आहे. साडेसहा तास फार कमी आहेत. या वयाला नऊ ते बारा तास लागतात. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त मागतं आणि पळायला निघत नाही. रात्रीचं जेवण आठला, फोन आणि गेम साडेआठला बंद, नऊ-सव्वानऊला अंथरूण. जेवण अलीकडे आणायचं तर अडीचची भूक आधी भागली पाहिजे. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा अर्धाच होतो, तेव्हा अडीच-तीनला मुलाला जेवणाइतकी भूक लागते. तिला खाऊचा तुकडा पुरत नाही. सकाळीच मटकीची उसळ-पोळी किंवा भाजी घातलेलं थालीपीठ झाकून ठेवा. समोर तयार दिसलं तर तो तेच खाईल.

पेयाचा खोका आणणं थांबवा. खोक्याच्या मागे १०० मिलीला साखर किती ते वाचा. तिथे १३ ग्रॅम असेल तर २०० मिलीच्या खोक्यात २६ ग्रॅम झाली, म्हणजे पाच चमच्यांहून जास्त. आठवड्याचे पाच खोके धरले तर १३० ग्रॅम साखर होते. त्याऐवजी ताक, कोकम सरबत कमी साखरेचं, किंवा पाणी. शाळेच्या दाराशी असले पदार्थ मिळत असतील तर पालक म्हणून बोला. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियमच आहे, २०२० चा.

खेळ रोज तासभर, घाम येईल असा. क्लास आठवड्यातून दोन दिवस कमी करता येत असेल तर जरूर करा. पाचवीतल्या मुलाच्या गणितापेक्षा त्याचं यकृत मला आज जास्त महत्त्वाचं वाटतं. रविवारी सकाळी तळजाईला सगळं घर मिळून चढा.

त्याला उपाशी ठेवू नका आणि रोज काट्यावर उभं करू नका. तो वाढतोय. पुढच्या वर्षभरात वजन ४६ वरच राहिलं आणि उंची सहा सेंमी वाढली, तरी त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३.५ वरून २१.६ वर येईल. त्याच्या एकट्यासाठी वेगळा स्वयंपाकही करू नका, जे त्याला ते सगळ्यांना. आणि घरात, कौतुकानंसुद्धा, कुणी त्याला "जाड्या" म्हणायचं नाही. त्या एका शब्दामुळे मैदानावर जायचं टाळणारी मुलं मी बघते आहे.

प्रश्न : किती वर्षांच्या मुलाला किती तास स्क्रीन चालते? एका वाक्यात सांगा. (औंध)

उत्तर : भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं ते असं : दोन वर्षांखाली शून्य, दोन ते पाच दिवसाला एक तास आणि तोही मोठ्या माणसासोबत, पाच ते दहा दोन तासांच्या आत. त्यापुढच्या वयाला मी तास मोजण्यापेक्षा झोप, तासभर खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी गप्पा यांतलं काय बुडतंय ते विचारते.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, अगदी काडी. दूध मात्र आवडीनं पिते, चॉकलेट पावडर घालून दिवसाला चार मोठे कप. जेवायला नको म्हणते. संध्याकाळी खाली पाठवलं तर दहा मिनिटांत वर येते आणि सोफ्यावर मोबाइल घेऊन पडते. आळशी झाली आहे. हल्ली पाटीवरच्या पेन्सिली खाते. सासूबाई म्हणतात, कॅल्शियम कमी आहे. (बिबवेवाडी)

उत्तर : ताई, तिला आळशी म्हणू नका. तुमच्या पत्रातली पाटीवरची पेन्सिल वाचूनच मला अंदाज आला. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं ही बहुतेक वेळा लोह कमी झाल्याची खूण असते. तिच्या खालच्या पापणीची आतली बाजू आणि तळहात तुमच्या शेजारी ठेवून पाहा, फिकट वाटतील. या आठवड्यात रक्त तपासा. सहा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं. हे दुर्मीळ अजिबात नाही. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयातल्या जवळजवळ चौथाई मुलांना आणि त्याहून लहान, एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया आढळला होता. ही फक्त गरीब घरांतली मुलं नव्हेत.

तुमच्या घरात हे दुधामुळे झालं असावं. दुधात कॅल्शियम आहे, पण लोह जवळपास नाही, आणि चार कपांनी पोट भरल्यावर डाळ, उसळ, पालेभाजी यांना जागाच उरत नाही. शिवाय खूप दुधामुळे अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. दूध दोन कपांवर आणा, पावडर बंद करा. ती मुख्यतः साखर असते, आणि तिनं उंची वाढत नाही. जेवणात मेथी, चवळी, मटकी, बाजरीची भाकरी, अळिवाचा लाडू, चालत असेल तर अंडं-मटण. ताटात लिंबाची फोड हवीच, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा नको. पण अ‍ॅनिमिया निघाला तर नुसत्या आहारानं भरून येणार नाही, लोहाचं औषध लागेल. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी ते दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. अर्ध्यावर सोडणारे पालक फार आहेत. जंताच्या गोळीचंही डॉक्टरांना विचारा.

आणि खेळाचं. रक्त कमी असलेल्या मुलीला दहा मिनिटांत धाप लागते. मैत्रिणी पुढे पळतात, ती मागे राहते, आणि जिथे दमत नाही तिथे, म्हणजे सोफ्यावर मोबाइलपाशी, येऊन बसते. इथे मोबाइल काढून घेऊन काही साधणार नाही. औषध सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की तिला पुन्हा खाली पाठवा आणि ती किती वेळ टिकते ते मला जरूर कळवा.

प्रश्न : मी आठवीत आहे. आई सारखी म्हणते मोबाइल कमी कर, पण बाबा स्वतः जेवताना ऑफिसचे मेल बघतात. आमच्या सोसायटीत (वाकड) पार्किंगमध्ये खेळायला बंदीची पाटी आहे. मुलगे तरी बाहेरच्या ग्राउंडवर जातात, मुली कुणीच उतरत नाहीत. मग आम्ही काय करायचं? शिवाय मला या वर्षी चष्मा लागला.

उत्तर : तू हे लिहिलंस याचा मला फार आनंद झाला. तुझं म्हणणं बरोबर आहे. जेवताना बाबांचा फोन चालू असेल तर तुझ्यावर नियम लावता येणार नाही. हे पान बाबांना दाखव. आठ ते नऊ घरातले सगळे फोन चार्जिंगला बाहेरच्या खोलीत, असं त्यांनी स्वतःपासून सुरू करावं, ही माझी त्यांना विनंती.

मुली उतरत नाहीत, हे मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या पाचांपैकी चार मुलांना दिवसाचा तासभरही पुरेसा व्यायाम होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ पर्यंतच्या आकड्यांवरून मांडलं, आणि त्यात मुली मुलग्यांच्याही मागे आहेत. नेमकी हीच वर्षं हाडं भरण्याची. उड्या, धावणं, दोरी यांमुळे हाडांवर ताण येतो आणि ती मजबूत होतात. ही संधी नंतर परत मिळत नाही. पाळीच्या दिवसांतही, पोट फार दुखत नसेल तर खेळायला हरकत नाही. पुण्यात मुलींनी मैदानावर यायची जुनी परंपरा आहे. खो-खो, कबड्डी, मल्लखांब शिकवणाऱ्या संस्था अजून चालू आहेत. टिळक रोडचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासूनचं. तुझ्या भागात काय आहे ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचार.

सोसायटीचं असं कर. चार-पाच मैत्रिणी मिळून समितीला पत्र द्या. "आम्हाला खेळू द्या" एवढंच लिहू नका. संध्याकाळी साडेपाच ते सात, फाटकापासून लांबची बाजू, तेवढा वेळ तिथे गाड्या नकोत, आणि रोज एक पालक पाळीपाळीनं बसेल, असं नेमकं मागा. पालकांची नावंही खाली लिहा. नेमकी मागणी असली की समितीला नाही म्हणणं अवघड जातं. लगोरी, डॉजबॉल, दोरीउड्या यांना एवढी जागा पुरते, आणि काचाही फुटत नाहीत.

चष्म्याचं म्हणशील तर तो मोबाइलमुळेच लागला असं कुणी सांगू शकणार नाही, पण उजेडात बाहेर असण्याचा डोळ्यांना फायदा होतो, हे दिसलेलं आहे. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लांबचं दिसण्यासाठी चष्मा लागण्याचं प्रमाण ३० टक्के होतं, आणि बाकीच्या मुलांमध्ये जवळपास ४०. तुझा नंबर बाहेर खेळून उतरणार नाही. धाकटा भाऊ असेल तर त्याला मात्र आत्तापासून बरोबर ने.

प्रश्न : रविवारी सगळे मिसळ खायला जातो. बंद करावं का? (नारायण पेठ)

उत्तर : मुळीच नको. आठवड्यातून एकदा, सगळे मिळून, फोन खिशात ठेवून खाल्लेली मिसळ मला चालते. मटकी जास्त आणि फरसाण कमी घालायला सांगा, आणि जमलं तर आधी मुलांना घेऊन पर्वती चढून या.